वारणेचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प : सहकार, संगणक आणि शेवटच्या तारेची मालकी

प्रस्तावना

ग्रामीण भागात वेगवान इंटरनेट पोहोचविण्याचा प्रश्न सामान्यतः अंतराचा आणि खर्चाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. तार किती किलोमीटर टाकावयाची, मनोरा कोठे उभारावयाचा आणि त्यासाठी निधी किती लागेल, एवढा हिशेब जुळला की प्रश्न सुटला असे गृहीत धरले जाते. तार गावात आल्यानंतर ती कोणाच्या मालकीची, तिची देखभाल कोणी करावयाची आणि तिच्यावरून नेमके कोणते काम चालावयाचे, हे प्रश्न मागाहून येतात. बहुधा तार तुटल्यावर येतात.

कोल्हापूर जिल्ह्याला या प्रश्नांचा अनुभव देशातील बहुतेक जिल्ह्यांच्या आधी आला. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर हे केंद्र धरून 1998 मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्या काळी शहरी मध्यमवर्गीय घरातही इंटरनेट ही नवलाची वस्तू होती. विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती 15 ऑगस्ट 1995 रोजी, आणि खाजगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला तो 1998 च्या अखेरीस. अशा वेळी ऊस आणि दूध यांवर जगणाऱ्या खेड्यांत संगणक बसविण्याचे धाडस वारणेने केले. या प्रकल्पाचे गुणगान पुष्कळ झाले आणि त्याच्या अपयशाची चर्चाही झाली. प्रस्तुत लेखाचा हेतू या दोहोंपेक्षा वेगळा आहे. वारणेत काय टिकले, काय टिकले नाही आणि त्यामागे कोणती कारणे होती, याचा उलगडा करून गावाने स्वतःच्या पुढाकाराने इंटरनेट जाळे उभारण्याच्या आजच्या प्रयत्नांकडे पाहणे, एवढीच त्याची मर्यादा आहे.

वारणा खोरेच का?

वारणा नदी कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. तिच्या काठच्या परिसरात तात्यासाहेब कोरे (निधन 1994) यांनी 1950 च्या दशकात सहकारी साखर कारखान्याची उभारणी केली. पुढे दूध संघ, सहकारी बँक, ग्राहक भांडार, शिक्षणसंस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालय अशा संस्था या कारखान्याभोवती उभ्या राहिल्या. परिसरातील एखाद्या कुटुंबाचा दिवस पाहिला तर सकाळी दूध डेअरीवर जाते, ऊस कारखान्याला जातो, बिल बँकेत जमा होते, किराणा भांडारातून येतो आणि मुले त्याच परिसरातील शाळा-महाविद्यालयात शिकतात. म्हणजेच गाव आणि केंद्र यांच्यामध्ये माहितीची देवघेव आधीपासूनच चालू होती. ती कागदावर, चिठ्ठीवर आणि माणसाच्या पायांवर चालत होती, इतकेच.

पंतप्रधान कार्यालयाच्या माहिती-तंत्रज्ञान कृतिदलाने 1998 मध्ये पथदर्शी प्रकल्पासाठी हा परिसर निवडला, त्याचे कारण हे जाळे होय. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, महाराष्ट्र शासन आणि वारणा विभाग शिक्षण मंडळ हे त्यातील भागीदार होते. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चापैकी 50 टक्के वाटा केंद्र शासनाचा, 40 टक्के राज्य शासनाचा आणि 10 टक्के वारणा समूहाचा, अशी विभागणी होती. सुमारे 70 गावे प्रकल्पक्षेत्रात धरण्यात आली. वारणानगर येथे उपग्रहाशी जोडलेले केंद्र आणि तेथून गावोगावच्या संगणक केंद्रांपर्यंत टेलिफोनच्या व बिनतारी जोडण्या, असा आराखडा होता. प्रत्यक्षात पन्नासहून अधिक गावांत केंद्रे उभी राहिली.

खर्चाच्या विभागणीकडे थोडे थांबून पाहणे उपयुक्त ठरेल. उभारणीत स्थानिक वाटा एक दशांश होता. तथापि संगणक बसल्यानंतरचा दरमहाचा खर्च, म्हणजे चालकाचे मानधन, टेलिफोनचे बिल, विजेचे बिल आणि बिघडलेल्या यंत्राची दुरुस्ती, हा स्थानिक संस्थेलाच उचलावा लागणार होता. उभारणीचा खर्च एकदाच येतो आणि त्याचे उद्घाटन होते. चालविण्याचा खर्च दरमहा येतो आणि त्याचे उद्घाटन कधीच होत नाही. ग्रामीण तंत्रज्ञानाच्या बहुतेक योजना या दुसऱ्या खर्चापाशी येऊन थबकतात.

संगणक आला, काम कोणते?

प्रकल्पाची उद्दिष्टे व्यापक होती. पिकांची, हवामानाची आणि बाजारभावाची माहिती मराठीतून मिळावी, आरोग्य व शिक्षणविषयक मार्गदर्शन व्हावे, शासकीय दाखले गावातच उपलब्ध व्हावेत आणि त्याबरोबर साखर कारखान्याच्या कारभाराची कार्यक्षमता वाढावी, असे अपेक्षित होते. कागदावर यांतील शेवटचे उद्दिष्ट सर्वांत कमी आकर्षक दिसते. प्रत्यक्षात तेच टिकले.

त्याचे कारण समजण्यासाठी ऊस उत्पादकाची हंगामातील अडचण लक्षात घेतली पाहिजे. लागणीची नोंद कारखान्याकडे वेळेत झाली की नाही, यावर तोडीचा क्रम ठरतो. तोड लांबली की उसाला तुरे येतात, वजन घटते, आणि पुढच्या पिकासाठी रान वेळेत मोकळे होत नाही. तोड झाल्यावर गाडी कारखान्याच्या काट्यावर जाते. तेथे भरलेले वजन किती, हे शेतकऱ्याला पावती हाती येईपर्यंत कळत नाही. पावती आणणारा गाडीवान, चिटबॉय किंवा गट कार्यालयातील कारकून यांच्यावर त्याला विसंबून राहावे लागते. खते उधारीवर मिळतात आणि त्यांची रक्कम ऊसबिलातून वळती होते. तो हिशेबही केंद्रातच असतो. गावातील संगणक केंद्राने नेमके हे काम हाती घेतले. शेतकऱ्याने आपला क्रमांक सांगावा आणि चालकाने त्याची नोंद, तोडीचा परवाना, उसाचे वजन किंवा खताचा हिशेब सांगावा. एरवी त्यासाठी वारणानगरला हेलपाटा घालावा लागत असे आणि त्यात एक दिवसाची मजुरी बुडत असे. हा हेलपाटा वाचणे हा लाभ मोजता येण्याजोगा होता.

बाजारभाव, आरोग्य, शिक्षण यांविषयीचे माहितीचे दालन मात्र ओस राहिले. याचा दोष शेतकऱ्यांच्या अनास्थेवर टाकण्याची प्रथा आहे. ती बरोबर नाही. ऊस उत्पादक सभासदाला उसाच्या बाजारभावाची रोजची माहिती हवी कशाला? त्याचा दर कारखाना ठरवितो. शिवाय त्या काळी संगणकावरील मराठी हीच एक अडचण होती. युनिकोडचा प्रसार झालेला नव्हता. एका संगणकावर एका टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटत असे. मराठीतील आशय तयार करणे आणि तो नित्य अद्ययावत ठेवणे यासाठी माणसे लागतात. ती नेमण्याची तरतूद उभारणीच्या खर्चात असत नाही.

तुलनेसाठी त्याच सुमारास चाललेले दोन प्रयोग पाहता येतील. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने 1998 मध्ये पुदुच्चेरी परिसरात ग्राम ज्ञान केंद्रे सुरू केली. तेथील वीरमपट्टिनम या मच्छीमार गावात समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज इंटरनेटवरून उतरवून घेऊन तो ध्वनिक्षेपकावरून गावभर ऐकविला जाई. संगणक एकच, ऐकणारे सारे गाव. आणि माहिती अशी की जिच्यावर त्या दिवशी होडी पाण्यात घालावी की नाही हे ठरते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात जानेवारी 2000 मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानदूत’ योजनेला त्याच वर्षी स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. परंतु खंडित वीज आणि कमकुवत टेलिफोन जोडणी यांमुळे पुढे तिचा वेग मंदावला. या दोन्ही ठिकाणी, आणि वारणेतही, एक गोष्ट समान दिसते. ज्या माहितीवाचून आजचे काम अडते, ती माहिती देणारी जोडणी लोक धरून ठेवतात. ‘माहिती ही शक्ती आहे’ असे सांगून बसविलेला संगणक धूळ खातो.

वारणा अनवायर्ड

काही वर्षांत केंद्रांतील संगणक जुने झाले. दुरुस्ती, वीज आणि जोडणी यांचा खर्च तर चालूच होता. अशा स्थितीत बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा या संशोधकांनी वारणेत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष 2007 च्या सुमारास प्रसिद्ध झाले. प्रयोगाला त्यांनी दिलेले नाव बोलके होते : ‘वारणा अनवायर्ड’. जे काम गावातील संगणक करीत होता, ते सर्व मोबाइलवरील लघुसंदेशाद्वारे करता येते का, हा त्यांचा प्रश्न होता. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. शेतकऱ्याने ठरावीक स्वरूपाचा संदेश पाठवावयाचा, कारखान्याकडील संगणकाला जोडलेल्या फोनवर तो यावयाचा आणि उत्तरही संदेशानेच परत जावयाचे. संगणकाची सर्व कामे या पद्धतीने पार पडली, खर्च कमी आला, सोय अधिक झाली आणि शेतकऱ्यांनी जुन्या पद्धतीपेक्षा हिला अधिक पसंती दिली, असे संशोधकांनी नोंदविले.

या निष्कर्षाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. पहिला अर्थ सर्वत्र मांडला गेला : अवजड तंत्रज्ञान नको, गरजेपुरते साधे तंत्रज्ञान हवे. तो खरा आहे. शेतकऱ्याला केंद्राच्या वेळेची वाट पाहावी लागत नाही, वीज गेली तरी काम अडत नाही, आणि चालक रजेवर असला तरी हरकत नसते. सभासदाच्या बाजूने पाहता हे निःसंशय पुढचे पाऊल होते.

दुसऱ्या अर्थाची चर्चा फारशी झालेली नाही. लघुसंदेशात रोमन लिपीची 160 अक्षरे मावतात. देवनागरीत तो आकडा 70 चिन्हांवर येतो. एवढ्या जागेत उसाचे वजन मावते, तोडीची तारीख मावते, खताची बाकी मावते. पिकावरील रोगाचे छायाचित्र, विद्यार्थ्याचा धडा, डॉक्टरांशी बोलणे किंवा ग्रामसभेची कागदपत्रे त्यात मावत नाहीत. लघुसंदेश संगणकाला पुरून उरला, कारण संगणकाचा उपयोगच तेवढ्या एका कामापुरता आकसला होता. शिवाय दोन्ही पद्धतींत माहिती कारखान्याची होती, यंत्रणा कारखान्याची होती, आणि शेतकरी हा प्रश्न विचारणारा सभासद होता. 1998 ची तार गावापर्यंत आली, पण ती गावाची कधीच झाली नाही. म्हणूनच ती काढली गेली तेव्हा गावाला आपले काही गेले असे वाटले नाही.

पाण्याला संस्था, तारेला परवाना

कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात ही गोष्ट विशेष खटकते. नदीचे पाणी उपसून माळावर नेण्यासाठी या जिल्ह्यात गावोगाव सहकारी पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या. भागभांडवल सभासदांचे, कर्ज बँकेचे, मोटार व जलवाहिनी संस्थेची, आणि पाळीप्रमाणे पाणी सोडणारा पाटकरी संस्थेच्या पगारावर, अशी त्यांची रचना आहे. मुख्य वाहिनीपासून आपल्या बांधापर्यंतची पोटचारी ज्याची त्याने काढावयाची. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यालाही पावसाळा संपताच बरगे घालावे लागतात आणि पुढच्या पावसापूर्वी ते काढावे लागतात. बरगे घालणारा माणूस नसेल तर दगडी खांब तेवढे उभे राहतात आणि पाणी वाहून जाते. सामायिक यंत्रणा उभारणे, पट्टी वसूल करणे, तंटे मिटविणे आणि दुरुस्तीसाठी पैसा राखून ठेवणे, हे सारे कौशल्य या खोऱ्यातील शेतकऱ्याला अवगत होते. मग त्याने इंटरनेटची पाणीपुरवठा संस्था का काढली नाही?

एक उत्तर उघड आहे : पाण्यावाचून पीक जळते, इंटरनेटवाचून त्या काळी काही जळत नव्हते. दुसरे उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 अन्वये शेतकऱ्यांना पाण्यासाठी, दुधासाठी, साखरेसाठी संस्था नोंदविता येते. दूरसंचार सेवेचा परवाना मात्र 1998 च्या इंटरनेट धोरणातही आणि 2013 नंतरच्या एकीकृत परवाना पद्धतीतही कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीलाच उपलब्ध होता. बिनतारी लहरींवरही निर्बंध होते, 2.4 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील साध्या वाय-फाय उपकरणांचा परवान्याशिवाय वापर करण्यास व्यापक मोकळीक मिळाली ती 2005 मध्ये. सहकार हा ज्या प्रदेशाचा स्वभाव आहे, त्या प्रदेशाला सहकाराच्या वाटेने या क्षेत्रात शिरता येत नव्हते. अभ्यासकांनी ग्रामीण माणसाच्या ‘मानसिकते’वर जितके लिहिले, तितके या अडसरावर लिहिलेले नाही.

अडसर नसता तर काय घडू शकते, याची उदाहरणे परदेशांत आहेत. स्पेनमधील कॅटालोनियात 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्विफी’ या जाळ्यात प्रत्येक सभासद आपल्या घरावरील उपकरण जोडतो आणि जाळे वाढवितो. पाण्याच्या चारीप्रमाणे ते सामायिक मानले जाते. इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात 2011 मध्ये नोंदविलेल्या ‘बी फोर आर एन’ या लोकहितकारी संस्थेचे उदाहरण तर कोल्हापूरच्या शेतकऱ्याला सहज समजेल. मोठ्या कंपन्यांना विरळ वस्तीत तार टाकणे परवडेना, तेव्हा गावकऱ्यांनी भाग विकत घेऊन भांडवल उभारले, शेतकऱ्यांनी आपल्या रानातून मोबदला न घेता वाट दिली आणि अनेकांनी स्वतः चर खणले. त्या खेड्यांना सेकंदाला एक गिगाबिट गतीची जोडणी मिळाली, जी त्या वेळी मोठ्या शहरांतही सहज मिळत नव्हती.

महाराष्ट्रातील निकटचा प्रयत्न पालघर जिल्ह्यातील आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने प्रा. अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘ग्राम मार्ग’ हा प्रकल्प राबविला. दूरदर्शन प्रसारणासाठी राखीव परंतु उपयोगात नसलेल्या लहरींवरून प्रायोगिक परवान्याने प्रथम सात गावे जोडली गेली. नंतर परवानामुक्त पट्ट्याचा वापर करून गावांची संख्या वाढविण्यात आली. तांत्रिक भागापेक्षा त्यातील आर्थिक रचना येथे अधिक महत्त्वाची आहे. ग्रामपंचायतीने यंत्रणेत स्वतःचा पैसा घालावा, स्थानिक तरुण उद्योजकाने ती चालवावी आणि वर्गणीतून दोघांना उत्पन्न मिळावे, अशी ती रचना होती. पंचायतीचा पैसा अडकला की पंचायत तार तुटल्याची चौकशी करते.

भारतनेट आणि गावातील शेवटचे अंतर

देशातील सर्व, म्हणजे सुमारे अडीच लाख, ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याच्या योजनेला केंद्र शासनाने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजुरी दिली. 2015 पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे काम डिसेंबर 2017 मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दरम्यान सप्टेंबर 2016 पासून स्वस्त 4जी सेवेने चित्र पालटले होते आणि गावातील तरुणांच्या हाती थेट मोबाइल इंटरनेट आले होते. परंतु कोविडच्या 2020-21 या काळात शाळा-महाविद्यालये बंद झाली, तेव्हा सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यांमध्ये विद्यार्थ्यांना रेंज शोधत टेकडी चढावी लागली. त्याच सुमारास अनेक गावांतील ग्रामपंचायत कार्यालयात तंतूची पेटी भिंतीवर होती. ती चालू असेलच असे नव्हते, आणि चालू असली तरी कार्यालयाबाहेर जोडणी नव्हती. वारणेचा 1998 चा अनुभव मोठ्या प्रमाणावर पुन्हा आला, असे म्हणावे लागते.

शासनाने ही उणीव काही अंशी मान्य केली आहे. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात, 1,39,579 कोटी रुपयांच्या तरतुदीसह, देखभालीची जबाबदारी कंत्राटातच अंतर्भूत करण्यात आली, तसेच घरोघर जोडणी देण्यासाठी उत्पन्नात वाटा मिळणारा ग्रामस्तरीय उद्योजक कल्पिला गेला. ‘ब्रॉडबँड’ या शब्दाची व्याख्याही बदलत गेली : 2004 मध्ये सेकंदाला 256 किलोबिट, 2013 पासून 512 किलोबिट, आणि 2023 पासून 2 मेगाबिट. दोन विद्यार्थी एकाच घरातून तासाला बसले तर ही शेवटची गतीही अपुरी पडते, हे प्राध्यापकवर्गाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

सहकारासाठी अधिक अर्थपूर्ण बदल डिसेंबर 2020 मध्ये झाला. ‘पीएम-वाणी’ या व्यवस्थेत सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालविण्यासाठी परवाना वा नोंदणी शुल्क लागत नाही. किराणा दुकानदार हे काम करू शकतो; तसेच ते विकास सेवा सोसायटी, पाणीपुरवठा संस्था किंवा दूध संस्थाही करू शकते. 1998 मध्ये बंद असलेली वाट येथे निदान किलकिली झाली आहे.

केंद्र कोठे असावे, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहतो. भारतनेटची तार ग्रामपंचायत कार्यालयात संपते. ते कार्यालय कचेरीच्या वेळेत उघडे असते, म्हणजे शेतकरी रानात आणि विद्यार्थी महाविद्यालयात असताना; सायंकाळी त्याला कुलूप लागते. याउलट कोल्हापूर जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक गावात पहाटे आणि सायंकाळी, वर्षाचे बाराही महिने, न चुकता उघडणारी एक जागा असते, ती म्हणजे दूध संस्था. तेथे विजेची सोय असते, दूध मोजण्यासाठी व फॅट तपासण्यासाठी बहुधा संगणकीकृत यंत्र असते, सचिव पगारी असतो, सभासदाचे खाते असते आणि दर दहा दिवसांच्या दूधबिलातून वर्गणी वळती करण्याची रूढ पद्धतही असते. स्त्रिया तेथे दिवसातून दोनदा जातात. ग्रामपंचायतीत त्या कितीदा जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. या दोन इमारतींमधील अंतर बहुतेक गावांत दोन-तीनशे मीटरहून अधिक नाही. तेवढी पोटचारी काढण्याचा ठराव एखाद्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेपुढे आणावयाचा, तर तिच्या सचिवाला खर्चाचे अंदाजपत्रक, उपकरणांची माहिती आणि दुरुस्ती शिकलेला एखादा तरुण लागेल. यांपैकी कोणतीही गोष्ट जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या आवाक्याबाहेरची नाही.